देसाई सरांचं इथवर

देवाबद्दल बोलायला बसलं की देसाई सर उजव्या हाताचा पंजा उभा करायचे आणि वडीची ओळ पाडावी तसा तो टेबलावर ठेवायचे. मग म्हणायचे, "इथवर."

या एका शब्दासाठी मी वर्षानुवर्षं गुरुवारची संध्याकाळ दुकान नोकरावर टाकून हॉलमध्ये त्यांच्या प्रवचनाला बसलो. भक्तीचा वगैरे आरोप माझ्यावर कुणी करू नये. राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाला दत्ताचं लहानसं देऊळ आहे, त्याला चिकटून पत्र्याचा हॉल आहे आणि समोर माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे. त्यामुळे देवळाचा माइक, पंखे आणि दत्तजयंतीची लायटिंगची माळ माझ्या गळ्यात आपोआप पडली. फ्यूज उडाला की पुजारी आधी मला हाक मारायचा, मग देवाला.

सर मूळचे नेसरीचे. हायस्कुलात सायन्स शिकवून निवृत्त झाले आणि आमच्या शेजारच्या बिल्डिंगीत राहायला आले. अंगानं किरकोळ, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. मी पहिल्या दिवशी मोठ्या दिमाखात माइक लावून दिला, तर म्हणाले, "बाळू, हे तुझ्या समाधानासाठी ठेवू. पण चालू करू नको, म्हातारी माणसं दचकतील." मी केलाच. पहिल्या वाक्याला कर्णा असा किंचाळला की गाभाऱ्यातला पुजारी घंटा सोडून बाहेर आला.

इथवरचा उगम सायन्सच्या तासातला. ते सांगायचे, "स्प्रिंगला वजन लावा, ताणते. दुप्पट लावा, दुप्पट ताणते. पण इथवर. ह्याच्या पुढं गेलासा की ती परत येत न्हाई. नियम सांगताना तो कुठवर चालतो ते न सांगणारा मास्तर लबाड." निवृत्तीनंतर त्यांनी वर्ग बदलला, पद्धत तीच ठेवली. देवाला त्यांनी स्प्रिंगसारखंच टेबलावर घेतलं.

"देव आईसारखा," ते म्हणायचे. "पोर चिखलात लोळून आलं तरी आधी पोटाशी धरते, मग रपाटा घालते. इथवर. ह्याच्या पुढं जाऊन देव सकाळी उठून तुमचा डबा करत न्हाई. तो तुमच्या बायकोनंच केलेला असतो, तिला कधीतरी बरं म्हणा."

बायका खुसखुसायच्या, पुरुष खाली बघायचे.

"देव मास्तरासारखा. हुशार पोराला अवघड गणित घालतो. इथवर. मास्तर बी कधी कधी कंटाळलेला असतो आणि हाताला येईल ते गणित घालतो. मी घातलंय. देवाचं मला म्हाईत न्हाई."

दृष्टांत द्यायचा, तो रंगवायचा, लोकांच्या माना डोलायला लागल्या की पंजा उभा करायचा. काहींना ते आवडायचं नाही. तोंडात पेढा द्यायचा आणि अर्धा काढून घ्यायचा, तशातली गत. एकदा एक गृहस्थ चिडून म्हणाले, "सर, मग देव आहे तरी कसा, ते एकदा सरळ सांगून टाका की!"

सर म्हणाले, "सरळ सांगता आलं असतं तर तुमास्नी दर गुरुवारी चटईवर बसवलं असतं व्हय?"

एका गुरुवारी सरांना ताप आला आणि त्यांनी निरोप धाडला की आज बाळू बोलेल. मला वाटलं, अखेर गुणांची कदर झाली. त्यांनी पुजाऱ्याला 'बाळू सांगेल' एवढंच म्हटलं होतं, म्हणजे आज प्रवचन नाही हे मी लोकांना सांगायचं होतं, हे नंतर कळलं. तोवर मी इस्त्रीचा झब्बा घालून व्यासपीठावर बसलो होतो. माझा स्वतःचा, नवाकोरा, कुणी न वापरलेला दृष्टांत तयार होता.

"देव म्हणजे मोबाइलचा टॉवर," मी म्हणालो. "तो सगळीकडं सारखाच रेंज देतो. आपल्याला लागत नसेल तर दोष आपल्या हँडसेटचा."

माना डोलल्या. मला चढलं. मी सिम आणलं, चार्जिंग आणलं, सत्संग म्हणजे पॉवर बँक झाली. पंजा उभा करायचं डोक्यातसुद्धा आलं नाही. तेवढ्यात पुढच्या ओळीतल्या चव्हाण काकी म्हणाल्या, "बाळू, ते खरं. पण आमच्या स्वयंपाकघरात रेंज येत न्हाई, मग देव न्हाई व्हय तिथं? दिवसभर तर मी तिथंच असतो." मागून कुणीतरी विचारलं, रिचार्ज कोण करतं. तिसऱ्यानं कुठल्या कंपनीचा टॉवर चांगला ते सांगायला सुरुवात केली आणि आरतीची वेळ झाली तरी हॉलमध्ये प्लॅनचीच चर्चा चालू होती.

दुसऱ्या दिवशी मी तोंड लपवत सरांना बघायला गेलो. पांघरुणातून आवाज आला, "दृष्टांत झकास होता. पण तू त्याला धरलं न्हाईस, त्यानंच तुला धरून नेलं." आतून त्यांच्या बायकोचा, आमच्या काकूंचा, हसण्याचा आवाज आला. काकू कधी हॉलमध्ये यायच्या नाहीत. म्हणायच्या, "तिथं जाऊन काय ऐकू? घरात हेच चालतंय की. आमटीत मीठ कमी म्हणाले तरी शेवटाला इथवर म्हणतात."

त्यांचा एकुलता एक मुलगा सुहास. शिरोलीकडे एका कारखान्यात इंजिनिअर होता. पस्तिशी आली तरी लग्नाचं मनावर घेत नव्हता आणि बापाची खेचण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. दर पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढलं की नृसिंहवाडीला तो बापाला गाडीतून न्यायचा. तिथं पाणी देवळात शिरतं, दत्ताच्या पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेकडच्या दारानं बाहेर पडतं. त्या पाण्यात स्नान करायला माणसांची झुंबड उडते. एका वर्षी मीही गेलो.

पाणी वाढत होतं. उत्सवमूर्ती वर हलवायची तयारी चालली होती. सुहास म्हणाला, "बाबा, देव पण पूरग्रस्त झाला की. पंचनामा कोण करणार?"

सर हसले. म्हणाले, "मूर्ती हलवतात लेका. पादुका न्हाई हलवत. त्या पाण्याखालीच असतात, पूर उतरंपर्यंत."

"मग त्याचा उपयोग काय? पूर तर थांबवत न्हाईत."

"उपयोगाचं मला म्हाईत न्हाई," सर म्हणाले. "असतात, एवढंच सांगतो."

मी हे ऐकत पायरी उतरत होतो आणि ऐकण्याच्या नादात शेवाळावरून घसरलो. पोहता मला येत नाही. हे आधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण पंचगंगेच्या गावातल्या माणसाला ते शोभत नाही. हाताला येईल ते मी घट्ट धरलं आणि ते एका धिप्पाड परक्या गृहस्थाचं धोतर निघालं. निघालं म्हणजे अगदी निघालंच. तो गृहस्थ दोन्ही हातांनी उरलेली अब्रू सावरत ओरडला, "ओ पावणं, देवाला धरा की! मला काय धरताय!"

सुहासनं मला दंडाला धरून बाहेर काढलं. परतीच्या वाटेवर गाडी चालवताना तो इतका हसत होता की सरांनी दोनदा त्याला रस्त्याकडं बघायला सांगितलं. पुढच्या गुरुवारी सरांनी माझं नाव न घेता, पण माझ्याकडं बघत, हे सगळं हॉलला सांगितलं आणि म्हणाले, "बुडणाऱ्यानं हाताला येईल ते धरावंच. देवाबद्दल आपण जे काय बोलतो, ते सगळं हे असलं परक्याचं धोतर हाय. धरा. त्याशिवाय तोल सावरत न्हाई. पण काठ सापडला म्हणून नाचू नका. इथवर." लोक पोट धरधरून हसले. नंतर चांगले महिनाभर गल्लीतली पोरं मला बघून आपापल्या चड्ड्या घट्ट धरायची.

त्याच सुमाराला सरांनी दत्ताच्या चोवीस गुरूंची माला पुन्हा सुरू केली. दत्तानं पृथ्वी, वारा, पाणी, प्राणी, पाखरं अशा चोवीसांकडून काही ना काही शिकून घेतलं, त्यातला एकेक दर गुरुवारी. सरांचा क्रम ठरलेला आणि आम्हाला पाठ. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य. आठवं कबुतर. त्याची गोष्ट अशी: कबुतराची पिलं शिकाऱ्याच्या जाळ्यात सापडतात. आई पिलांच्या ओढीनं जाळ्यात झेपावते. बाप-कबुतर फांदीवरून हे बघतं, रडतं आणि शेवटी आपणही जाळ्यात उडी घालतं. शिकारी सगळ्यांना घेऊन जातो. तात्पर्य, मायेत अडकू नये. सर ही गोष्ट फार सुरेख सांगायचे. शेवटी विचारायचे, "कबुतराची चूक काय?" आणि हॉल वर्गासारखा ओरडायचा, "माया!"

सूर्याचा गुरुवार झाला. त्यानंतरच्या सोमवारी सकाळी कामावर जाताना महामार्गावर सुहासच्या मोटारसायकलीला ट्रकनं मागून धडक दिली. दवाखान्यात न्यायची वेळच आली नाही.

पंचगंगेच्या घाटावर आणि नंतर रक्षाविसर्जनाला सगळी गल्ली होती. सर उभे होते, सांगतील ते करत होते. त्यांच्या चेहऱ्याचं वर्णन मी करणार नाही. मला जमणार नाही.

मग लोक भेटायला येऊ लागले. समोरच्या खोलीत गादी टाकलेली, सर भिंतीला टेकून, काकू आतल्या दारात. येणारा प्रत्येक माणूस हॉलमधला. आणि प्रत्येकानं काहीतरी आणलं होतं. एक जण म्हणाले, "सर, देव माळ्यासारखा. चांगलं फूल आधी खुडतो. तुम्हीच सांगितलंत." दुसरे म्हणाले, "सर, मडकं कुंभाराचं, फोडायचा हक्क त्याचा. तुमचाच दृष्टांत." सगळं खरोखर सरांचंच होतं. फक्त पुढचं इथवर कुणी आणलं नव्हतं. ते सगळेच घरी विसरून आले होते. सर प्रत्येकाचं ऐकत होते आणि मान हलवत होते. मी कोपऱ्यात बसून पाणी देत होतो. सवयीप्रमाणे त्यांच्या उजव्या हाताकडं बघत होतो. तो मांडीवर नुसता पडला होता.

मीही काही गप्प बसलो नव्हतो. पाण्याचा पेला देताना म्हणालो, "सर, तो परीक्षा घेतोय." बाकीच्यांच्या तोंडून निदान सरांचे दृष्टांत तरी आले होते. माझा फराळाच्या चिवड्यासारखा, कुणाच्या घरचा ते सांगता येत नव्हतं.

शेवटी चव्हाण काकी आल्या. काही वर्षांपूर्वी त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी तापाचं निमित्त होऊन गेली होती. त्या सरांच्या समोर बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "देव मास्तरासारखा असतोय सर. हुशार पोराला अवघड गणित घालतोय."

सरांनी पहिल्यांदाच मान वर केली. "हे मी तुमाला सांगितलं होतं, अक्का. पोरगी गेली तेव्हा."

"व्हय. इथंच समोर बसून."

"तुमाला बरं वाटलंतं?"

चव्हाण काकी बोलायला कुणाला घाबरत नाहीत, पण त्या दिवशी थोड्या थांबल्या. "खरं सांगू? न्हाई. घरी कुणी नसताना मी लई शिव्या दिल्या तुमच्या त्या मास्तराला." मग हळू म्हणाल्या, "पण तुम्ही आलता. पावसातनं आलता, चपला फाटल्या होत्या तुमच्या, मला अजून आठवतंय. त्याचं बरं वाटलंतं."

दारातून काकूंचा हुंदका आला. गेल्या कित्येक दिवसांत त्या घरात फुटलेला तो पहिला मोठा आवाज.

नंतर सर बोलेनासे झाले. हॉलमध्ये नाही, आणि काकू सांगायच्या, घरातही नाही. चहा घ्या म्हटलं की घ्यायचे. दर गुरुवारी मी हॉल उघडायचो, पंखे लावायचो, माइक तपासायचो, लोक आरती करून घरी जायचे. खुर्ची आणि टेबल तसंच. सगळ्यांना माहीत होतं की पुढचं कबुतर आहे, आणि कुणी ते तोंडातून काढत नव्हतं.

न राहवून मी एक शहाणपणा केला. सरांकडं जाऊन म्हणालो, "सर, असं करूया. कबुतर सोडून एकदम अजगर घेऊया की. नववा गुरू. अजगराला पोरंबाळं न्हाईत गोष्टीत."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता मला घालवून देणार. म्हणाले, "अजगरानं काय पुण्य केलंय?" मग म्हणाले, "गणितातली पायरी सोडून उत्तर आणलं तर मी गुण देत नव्हतो, बाळू." मी उठताना म्हणाले, "स्प्रिंग इथवरच होती माझी." हात मात्र हलला नाही.

काकू मला सोडायला जिन्यापर्यंत आल्या. "बाळू, तू जातोस आणि ही भिंत माझ्याशी बोलत न्हाई," त्या म्हणाल्या. "दोघं मिळून रडलो तर तेवढंच. हे तिकडं तोंड करून निजतात, मी इकडं. पोरगा गेला, आणि हेही इथं असून गेल्यासारखेच." मग खोलीकडं वळून, सरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "त्या कबुतराचं काय झालं ते मला एकदा सांगा! इतकी वर्षं लोकास्नी सांगितलासा, मी कधी विचारलं न्हाई. आता मला सांगा!"

पुढच्या गुरुवारी आरतीच्या आधी सर आले. आणि त्यांच्या मागून, त्या हॉलच्या आयुष्यात प्रथमच, काकू आल्या. चव्हाण काकींनी सरकून त्यांना पुढच्या ओळीत जागा दिली.

सर खुर्चीवर बसले आणि बोलायला लागले. आवाज खाली गेला होता. मागच्या बाकापर्यंत जाणारा तो राहिला नव्हता. लोक बसल्या बसल्या चटया पुढं ओढू लागले. आणखी पुढं. इतके की शेवटी सगळे त्यांच्या टेबलाभोवती गोळा झाले. मला वाटलं, काय हा प्रभाव. प्रवचन संपल्यावर लक्षात आलं की आजच, जेव्हा खरी गरज होती तेव्हाच, मी माइक चालू करायला विसरलो होतो.

त्यांनी गोष्ट नेहमीसारखीच सांगितली. पिलं, जाळं, आई. पण बापाशी येऊन थांबले.

"इथं मी तुमास्नी विचारत आलो, की कबुतराची चूक काय. आज विचारत न्हाई. ते फांदीवर हाय. शहाणं असतं तर उडून गेलं असतं. जगलं असतं. आता मी फांदीवर बसून बघितलंय. ही बी बसली हाय." त्यांनी काकूंकडं बघितलं. "आमास्नी जाळंबी सापडलं न्हाई, उडी घालायला."

काकू पदर तोंडाशी न नेता तशाच रडत होत्या.

"तुम्ही सगळे घरी आलासा. देव माळी म्हणालासा, मास्तर म्हणालासा, कुंभार म्हणालासा. ती धोतरं मीच वाटलेली, तुमचा दोष न्हाई. पण ह्या सगळ्यांच्या पंगतीत मला तो शिकारी बी बसलेला दिसाया लागला. शिकाऱ्यासारखा देव मला नको. असला तरी नको." आवाज थोडा वर चढला, पुन्हा खाली आला. "सुहास वाडीला मला म्हणाला होता, पाण्याखालच्या पादुकांचा उपयोग काय. मला उत्तर देता आलं न्हाई. अजून बी येत न्हाई. पण ह्या गोष्टीत मला एकच जण ओळखीचा वाटतोय. पिलं सोडवता येणार न्हाईत हे ज्याला ठाऊक हाय, आणि तरी जाळ्यात उतरतो तो. देव असलाच, तर त्या कबुतरासारखा असंल."

त्यांनी उजवा हात उचलला. आम्ही सगळ्यांनी तो बघितला. पंजा टेबलावर उभा राहिला. मी वाट बघत होतो, अख्खा हॉल वाट बघत होता.

मग पंजा हळूच कलला आणि उताणा टेबलावर पडला. इथवर आलंच नाही.

काकू उठल्या, टेबलापाशी गेल्या आणि त्या उताण्या हाताला धरून म्हणाल्या, "चला. भाकरी टाकते. सकाळपासनं मला बी भूक लागलीया." दोघं गल्लीतून घरी गेले. चालताना सर काहीतरी सांगत होते आणि काकू मधेच त्यांना तोडून काहीतरी बोलत होत्या.

सर पुन्हा त्या खुर्चीवर बसले नाहीत. अजगर अजून वाट बघतोय. ते हॉलमध्ये यायचे, पण मागे, भिंतीला टेकून बसायचे, आणि दुसरं कुणी बोलत असलं तर डोळे मिटून ऐकायचे. मात्र आसपास कुणाकडं काही वाईट घडलं की दोघं हमखास जायचे. मी एकदा विचारलं, "काय सांगता तिथं जाऊन?" म्हणाले, "काय न्हाई. जाऊन बसतो."

गेल्या थंडीत सर गेले, झोपेतच. काकू आता नेसरीला दिरांकडं असतात. सरांना मी पुष्कळदा बघितलं, पण शेवटचं म्हणून जे डोळ्यांसमोर येतं ते त्याआधीच्या पावसाळ्यातलं आहे.

आमच्या मागच्या गल्लीत एक रिक्षावाले शिंदे राहतात. त्यांची बायको गेली, दोन पोरी मागं ठेवून. मी दुकान बंद करून भेटायला गेलो. छोटी खोली, दारात चपलांचा ढीग, पावसाची पिरपिर. आत शिंदे खाली मान घालून बसले होते. त्यांच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, सर. कुडता भिजलेला. डावा हात शिंद्यांच्या पाठीवर. काकू आत पोरींपाशी.

मी टेकलो. अशा वेळी काय बोलावं ते मला कधीच सुचत नाही, आणि न सुचलं की मी हमखास बोलतो. घसा साफ केला. म्हणालो, "शिंदे, देव कसा असतो बघा..."

सरांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांचा उजवा पंजा उचलला गेला आणि आमच्या मधल्या चटईवर, हळूच, उभा राहिला.

मी तोंड मिटलं. मग तोच हात त्यांनी चटईवर टेकला, थोडे सरकले आणि शिंद्यांच्या बाजूला माझ्यासाठी जागा करून दिली.

मी जाऊन बसलो.